आमच्यात असे, तुमच्यात कसे?

विटीदांडू असो, गोट्या असोत की पत्ते असोत, डाव मांडण्यापूर्वी मुले एकमेकांना एक प्रश्न हटकून विचारतात : "आमच्यात असं असतं, तुमच्यात कसं?" एका वाड्यात जे चालते ते शेजारच्या वाड्यात चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आधी ठरवाठरवी होते, थोडे भांडण होते, आणि मग खेळ सुरू होतो. विटीदांडूत 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजणारा आपला मुलगा खरे म्हणजे तेलुगू-कानडीचे आकडे मोजत असतो. कुठल्या तरी काळात कोणी तरी दुसऱ्यांचा नियम ऐकला, तो आपलासा केला, आणि पुढच्या पिढ्यांना तो परका वाटेनासा झाला.

ह्या साध्या प्रश्नावर आज अद्भुत कथांचा एक सबंध प्रकार उभा आहे. आपल्या घरांतली नातवंडे त्या कथा इंग्रजीत वाचतात, चित्रांतून पाहतात, आणि वडीलधाऱ्यांना त्यातले अक्षर कळत नाही. कथेचे सूत्र असे असते : दोन प्रतिस्पर्धी एकाच रणांगणावर उभे राहतात, पण दोघांचे नियम निराळे. एकाच्या हाती बुद्धिबळाचा कायदा, दुसऱ्याच्या हाती पत्त्यांचा, तिसऱ्याचे जगणे-मरणे फाशाचे दान काय पडते त्यावर. पहिल्याचा घोडा अडीच घरे उडी मारतो. दुसऱ्याच्या हुकमाची दुर्री समोरच्या राजाला कापून नेते. तिसरा दान पडेपर्यंत श्वास रोखून बसतो. प्रत्येक जण आपल्या नियमापुरता बलवान, आणि दुसऱ्याच्या नियमापुढे आंधळा.

ह्या कथांच्या वंशवेलीत अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ महत्त्वाचा. त्यात खेळणारे मंडळ फासे टाकीत टाकीत आपली कथा स्वतःच रचते. जपानमध्ये १९९६ पासून काझुकी ताकाहाशी यांची 'यु-गि-ओ' ही चित्रकथा आली. तीत नियम मोडणाऱ्याला खेळच शिक्षा देतो. पुढे २०१२ मध्ये यू कामिया यांची 'नो गेम नो लाइफ' ही कथामाला सुरू झाली. तिच्या जगात युद्धाला मनाई आहे, प्रत्येक तंटा खेळानेच सुटतो. आणि तेथला एक कायदा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : ज्याला आव्हान दिले, नियम ठरवण्याचा अधिकार त्याचा.

हा सगळा पोरखेळ आहे असे म्हणून बाजूला सारणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. माझे मत तसे नाही. मी दरबारी गवयाचा मुलगा. संस्थान १९४९ साली विलीन झाले आणि माझा जन्म त्यानंतर कैक वर्षांनी, वडिलांच्या उतारवयात झाला. तेव्हा दरबार मी पाहिला नाही, त्याच्या गोष्टी मात्र भरपूर ऐकल्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी चढाओढीच्या असत, आणि चढाओढ बहुधा दोन गळ्यांची नसून दोन कायद्यांची असे. एका घराण्यात जो स्वरलगाव दोष, तोच दुसऱ्यात अलंकार. एकाला लयीशी सतत झगडणारे गाणे पसंत, दुसऱ्याला लय जणू विसरून केलेला आलाप. अशा दोघांना समोरासमोर बसवले की श्रेष्ठ कोण हा प्रश्न मागे पडतो आणि श्रेष्ठ कोणत्या मापाने, हा प्रश्न पुढे येतो. माझे विद्यार्थी धड्यांच्या मधल्या वेळात ज्या कथा मला ऐकवतात, त्यांत हाच प्रश्न असतो. म्हणून त्या मी कान देऊन ऐकतो.

आणि हा प्रश्न परक्यांनी आपल्याकडे आणलेला नाही. सभापर्वातले द्यूत पुन्हा वाचून पाहावे. पण दुर्योधन लावणार आणि फासे शकुनी टाकणार, हे ऐकताच युधिष्ठिर हरकत घेतो. एकासाठी दुसऱ्याने खेळणे त्याला न्याय्य वाटत नाही. तरीही तो खेळायला बसतो. पुढे द्रौपदी जो प्रश्न विचारते तोही नियमाचाच आहे : जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? साऱ्या सभेला त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. डाव संपला, पण नियमांचा निकाल लागला नाही, म्हणून पुढचे सगळे घडले.

त्याहून गोड, आणि ह्या विषयाला अधिक जवळची, ती वनपर्वातली नलकथा. नलाला अश्वविद्या अवगत, ऋतुपर्ण राजाला अक्षविद्या. भरधाव रथातून ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पाने-फळे किती ते सांगतो; नल रथ थांबवून मोजून पाहतो, आणि ती गणती खरी निघते. मग विद्येचा सौदा ठरतो : तू मला फाशांचे मर्म दे, मी तुला घोड्यांचे देतो. ते मर्म मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. पुढे पुष्कराला आव्हान देताना नल त्याच्यापुढे पर्याय ठेवतो : फाशांनी खेळ, नाही तर रथांनी द्वंद्व कर. पुष्कर फासे निवडतो आणि हरतो. नल त्याला क्षमा करून त्याचा वाटा परत देतो. निरनिराळे नियम हाती असलेल्या दोघांची याहून शहाणी कथा मला ठाऊक नाही. तिथे नायक स्वतःच्या विद्येने जिंकत नाही, समोरच्याकडून शिकलेल्या विद्येने जिंकतो.

नियमांची भिन्नता कथेतच असते असेही नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. त्यातल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमके उलटे. दिवसा खेळाल तर उतारी रामाची, रात्री खेळाल तर कृष्णाची. एकाच पेटीत दोन उलट कायदे गुण्यागोविंदाने नांदतात आणि सूर्य मावळला की सत्ता बदलते.

बुद्धिबळाचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाही. आपल्याकडच्या देशी डावात गावोगाव फरक असत. पण सर्वसाधारणपणे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की ते घर ज्या मोहऱ्याचे, तेच मोहरे ते होई. हत्तीच्या घरी पोचले तर हत्ती, उंटाच्या घरी पोचले तर उंट. एकटा राजा उरला की डाव बुर्जी, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. विलायती डावात प्यादे दोन घरे धावते आणि कुठल्याही घरी पोचले तरी वजीर होऊ शकते. पट तोच, मोहरी तीच; पण दोन निराळ्या समाजांनी आपापली दुनिया त्यांवर मांडलेली.

हे दोन डाव समोरासमोर आले तेव्हा काय झाले, याची नोंद आहे. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापून निघाले. संस्कृतातली ही विद्या युरोपीय पद्धतीला जुळवून घेतली आहे, असे त्याच्या नावातच म्हटले होते. कलकत्त्यात १८५० च्या सुमारास जॉन कॉक्रेन हा नाणावलेला ब्रिटिश खेळाडू महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी शेकडो डाव खेळला. महेशबाबू इंग्रजी नियमांनी खेळत, पण हाताची जुनी सवय सुटली नव्हती. प्यादे एकेक घर सरकवायचे, उंट कोपऱ्यात बसवून दुरून मारा करायचा. युरोपने ज्याला पुढे 'इंडियन डिफेन्स' म्हटले, ते नाव ह्या डावांतून आले. नियम मालकाचा, पण वळण आपले.

पंजाबचे मीर सुलतान खान लहानपणी देशी डाव शिकले. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने १९२६ च्या सुमारास ते विलायती नियम शिकले, १९२९ साली ब्रिटनचे अजिंक्यपद त्यांनी जिंकले, आणि १९३२ व १९३३ मध्ये ते पुन्हा मिळवले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकालाही हरवले. १९३३ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९६६ साली वारले. मानद ग्रँडमास्टर ही पदवी जागतिक संघटनेने त्यांना दिली ती २०२४ मध्ये. परक्या नियमांनी परक्यांना हरवणारा असा दुसरा पुरुष विरळा. पण त्यांचा मूळचा डाव जगाच्या पटावर कधी मांडलाच गेला नाही. मांडायचा असता तर कॉक्रेनला आणि कापाब्लांकाला प्यादे एकच घर सरकवावे लागले असते. ती मागणी कोणी केली नाही, कारण नियम कोणाचे हे पटावर बसण्यापूर्वीच ठरलेले होते.

सत्यजित राय यांनी १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी' ह्या चित्रपटात हे मर्म अचूक पकडले आहे. प्रेमचंदांच्या १९२४ च्या मूळ कथेत ते नाही. अवध खालसा होण्याच्या सुमारास, १८५६ साली, लखनौचे दोन नवाब शतरंजात बुडालेले असतात, आणि मुन्शी नंदलाल त्यांना इंग्रजांच्या डावाची माहिती देतात : वजिराच्या जागी राणी, प्यादे दोन घरे, डाव लवकर आटोपणारा. ही भूमिका आपल्या डेव्हिड चेऊलकरांनी केली आहे, हे मराठी प्रेक्षकाने विसरू नये. चित्रपटाच्या अखेरीस फौजा शहरात शिरतात आणि ते दोघे विलायती नियमांनी डाव मांडून बसतात. प्रेमचंदांचे खेळाडू तलवारीने एकमेकांना मारून मरतात. रायांचे खेळाडू जिवंत राहतात, त्यांचा नियम तेवढा मरतो. दोन्हींत अधिक करुण कोणते, ते ज्याने त्याने ठरवावे.

आता ह्या नव्या अद्भुत कथांची खरी ओढ कशात आहे ते कळून येईल. इतिहासात बलवानाचा नियम पटाचा मालक होतो. कथेत मात्र दोन नियम एका पटावर, दोघेही जिवंत, समोरासमोर उभे राहू शकतात. स्कॉटलंडच्या इयन बँक्स यांच्या १९८८ च्या 'द प्लेअर ऑफ गेम्स' ह्या कादंबरीत एका साम्राज्याचा सबंध राज्यकारभारच एका खेळावर चालतो. जो उत्तम खेळेल तो सम्राट. तेथे परमुलुखातला एक खेळाडू येतो. शेवटच्या डावात सम्राट पटावर आपले साम्राज्य मांडतो, आणि पाहुणा त्याच नियमांत राहून आपल्या मोकळ्या समाजाची रीत मांडतो. डाव एकच, पण आपण कसे जगतो तेच दोघे खेळून दाखवतात. ह्या प्रकारात लिहिले गेलेले अधिक सरस असे माझ्या वाचनात नाही.

अर्थात ह्या प्रकारातले पुष्कळसे लेखन सुमार आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याचा मोठा दोष असा की नायक अडचणीत आला की लेखक ऐन वेळी एक नवा नियम काढतो. आमच्या भाषेत, समेवर येता येत नाही म्हणून तालाचीच एक मात्रा वाढवावी, तसे हे आहे. समेचा आनंद कशामुळे? सोळा मात्रा सोळाच आहेत, हे श्रोत्यालाही ठाऊक असते म्हणून. नियम वाचकाला आधी कळला पाहिजे, आणि मग त्याच नियमाच्या पोटातून न सुचलेली वाट निघाली पाहिजे. दुसरा दोष, नायकाच्या नियमाला काही किंमतच मोजावी लागत नाही. ज्या नियमाने कधी आपल्याच हातांना बांधले नाही, तो नियम नव्हे, ती हडेलहप्पी.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दोन नियम कितीही निराळे असोत, सामना व्हायचा तर दोघांना मान्य असे काही तरी एक लागते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची जुगलबंदी ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे सांगायला नको. आमचा मालकंस आणि त्यांचा हिंदोळम् ह्यांचे स्वर तेच. पण त्यांचे गमक निराळे, आमची मींड निराळी, तालाची मांडणी निराळी. तरी बैठक सुरू होण्याआधी एक गोष्ट होते : षड्ज एक लावला जातो. तो लागला नाही तर पुढचे सगळे गोंगाट. चांगल्या कथेलाही असा एक षड्ज असतो. दिलेला शब्द पाळणे, हरल्यावर हार मानणे, समोरच्याला खेळाडू म्हणून ओळखणे, असे काही. कौरवसभेत तोच लागला नव्हता.

आमच्या बडोद्याला ह्या बाबतीत परंपरा आहे, ती आपण विसरत चाललो आहोत. येथली गायनशाळा १८८६ साली काढणारे मौलाबक्ष हिंदुस्थानी गायक, पण दक्षिणेत जाऊन कर्नाटक पद्धती शिकून आलेले. दोन्ही कायदे त्यांच्या गळ्यात होते. पंडित भातखंड्यांनी १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती येथेच, सयाजीरावांच्या आश्रयाने, आणि निरनिराळ्या रीतींच्या कलावंतांना व पंडितांना एका मंडपात बसवले. हुतूतूचेही तसेच. ह्या खेळाचे तीन प्रकार गावोगाव चालत : 'संजीवनी'त मेलेला गडी पुन्हा जिवंत होई; 'गामिनी'त मेला तो सारा संघ बाद होईपर्यंत मेलाच; 'अमर'मध्ये गडी मरतच नसे, नुसता गुण जाई. सर्वांना एकत्र खेळता यावे म्हणून छापील नियम लागले, आणि १९२३ साली ते प्रसिद्ध केले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने. देशी खेळांची सविस्तर माहिती असलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश'ही दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी येथूनच काढला.

जरा कल्पना करा. एका मैदानावर तीन संघ आहेत. एकाचे मेलेले उठतात, एकाचे उठत नाहीत, एकाचे मरतच नाहीत. ज्यांचे गडी उठत नाहीत ते जपून, जीव राखून खेळतील. ज्यांचे उठतात ते सोबत्याला उठवण्यासाठी स्वतः पुढे धावतील. आणि जे मरत नाहीत त्यांना धैर्य कशाला म्हणतात हे कधी कळेल काय? जपानी किंवा अमेरिकन लेखकाला सुचली असती तर ह्या कथेची भाषांतरे आपण विकत घेतली असती. ती आपल्या मातीत, आपल्याच तीन शब्दांत बसून राहिली आहे, आणि कोणी लिहीत नाही.

हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. आपण मराठी घरे ह्या शहरात दोनशे वर्षांहून अधिक काळ दोन नियमांनी जगत आलो. घरात एक बोली, बाजारात दुसरी. सण आपले, शेजार गुजरातचा. आपली मराठीसुद्धा अशी की पुण्याच्या पाहुण्याला हसू यावे. आता तिसरा, इंग्रजीचा, नियम घरात आला आहे आणि तो दुसऱ्या कुणाशी ठरवाठरवी करीत नाही. अशा घरातल्या मुलाला निरनिराळ्या नियमांच्या खेळाडूंची कथा आवडली तर नवल ते काय? तो स्वतः तसाच खेळाडू आहे. आपला घरचा नियम दुबळा आहे म्हणून सोडून द्यायचा, की तो घेऊनच पटावर बसायचे, हा त्याचा रोजचा पेच आहे. ज्या मुलाला घरचा नियम नीट ठाऊकच नाही, त्याला हा पेचसुद्धा पडणार नाही. तो आधीच हरलेला असेल आणि आपण हरलो हेही त्याला कळणार नाही.

म्हणून माझे सांगणे नातवंडांना नाही, आजी-आजोबांना आहे. देशी बुद्धिबळ खेळणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. माझे वडील शेवटपर्यंत तोच डाव खेळत. त्यांच्या सोबत्यांपैकी आज कोणी नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीजवळच्या जुन्या घरांत ज्यांच्या माळ्यावर सारीपाट, सोंगट्या, गंजिफांची पेटी असेल त्यांनी ती खाली काढावी. आपल्या घरी कोणते नियम चालत, कवड्यांचे कोणते दान पडले की काय म्हणत, बुर्जी कधी मानत आणि कधी नाकारत, हे एका वहीत लिहून काढावे. दोन घरांचे नियम जुळले नाहीत तर दोन्ही लिहावेत; जुळवून टाकू नयेत. आणि मग ती वही त्या कथा वाचणाऱ्या मुलाच्या हाती द्यावी, सोबत पट मांडून एक डाव खेळावा, आणि त्याला त्याच्या खेळाचे नियम विचारावेत. ऋतुपर्ण आणि नल यांचा सौदा दोन्ही बाजूंनी झाला होता, हे लक्षात असू द्यावे. मुलाकडून काही न शिकता त्याला केवळ शिकवू पाहणाऱ्या आजोबांकडे ते मूल पुन्हा पटावर बसायला येणार नाही.